अकरा झाली, एकोणीस राहिली

मार्चच्या अंकात मी मुलांना सांगितलं होतं की परीक्षा संपली की चित्रासाठी एकच विषय धरा, शाळा उघडेपर्यंत सोडू नका आणि सुट्टी अर्धी झाली की कुठवर आलात ते कळवा. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके उतरले आणि पत्रं यायला लागली. त्यातली तीन घेते. नावं छापत नाही. आपल्याकडे तालुक्याचं नाव सांगितलं तरी लोक घरापर्यंत पोचतात.

बाई, मी यावल तालुक्यातली, यंदा दहावीत गेले. आमच्या केळीच्या बागेची जलरंगात 30 चित्रं करायची ठरवली होती. 11 झाली. आम्ही पाच जणी दर रविवारी एकीच्या ओट्यावर जमून आपापलं काम दाखवतो. एकीची 24 झालीत. लाज वाटून मी दोन रविवार गेलेच नाही. त्यात रंग लावता लावताच वाळतो आणि डाग पडतात. उरलेली 19 कशी संपवू?

आधी रंगाचं बघू, मग रविवारचं. पारा 44 वर असताना तू सकाळी अकराला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, द्यायला बसतेस, हे तूच पत्रात लिहिलंयस. अगं, तेव्हा भिंतीवर मारलेलं पाणीसुद्धा टिकत नाही. साडेपाचला ऊठ आणि आठच्या आत ब्रश धुऊन ठेव. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून सनमायकाच्या तुकड्यावर चिकटव. खालून पाणी शोषलं जात नाही, म्हणून कागद बराच वेळ ओला राहतो. रंग आधीच वाटीभर कालवून ठेव, कारण अर्ध्यात कालवायला गेलीस की तेवढ्यात कड वाळते आणि तोच तुझा डाग. आणि ब्रश मोठा घे. आकाशाला चार नंबरचा ब्रश म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं.

आता तू पाठवलेल्या तीन फोटोंकडे येते. चौथ्या आणि नवव्या चित्रात सगळी पानं एकाच हिरव्या रंगाची आहेत, ट्यूबमधून निघाला तसाच. सातव्यात मात्र तू काहीतरी पाहिलंयस. वाऱ्यानं फाटलेलं पान आहे, आणि चिरा मधल्या दांड्यापासून काठापर्यंत शिरांना धरून गेल्यात. उन्हाकडे पाठ असलेली पट्टी पिवळट उजळलीय, शेजारची आकाशाकडे तोंड करून निळसर झालीय. इतकं बघायला आधीच्या सहा चित्रांचा सराव लागला असेल, तर ती सहा वाया गेली नाहीत.

म्हणून 19 चा आकडा सोड. एकच खोड निवड आणि त्याचं तेच पान दोनदा काढ, सकाळी सहाला आणि दुपारी एकला. दुपारी सावलीत बसून नुसती पेन्सिल चालेल. कडक उन्हात केळीचं पान दांड्याच्या दोन्ही बाजूंनी खाली दुमडतं, सकाळी पुन्हा पसरतं. तुझ्या वडिलांना विचार, ते बागेला पाण्याचा ताण पडलाय का हे त्यावरूनच ओळखत असतील. अशा चार जोड्या झाल्या तरी मला पुरे.

आणि येत्या रविवारी जायचंच. सातवं ने आणि फसलेलं चौथंही ने. "कसं झालंय?" असं विचारू नकोस, "छान" म्हणतील आणि कैरी खायला घेतील. "ही दोन्ही बघून किती वाजलेत ते सांगा" असं विचार. चौथ्यात कुणालाच वेळ सांगता येणार नाही. मग बोलणं सुरू होईल.

मी चाळीसगावचा, कला पदविकेच्या पहिल्या वर्षाला. छायाचित्रकार केकी मूस यांच्या टेबल-टॉप (टेबलावर देखावा मांडून काढलेल्या) फोटोंवरून मी घरच्या वस्तूंतून देखावे उभारून मोबाईलवर टिपतोय. सहा झाले. वर्गातले "भारी" म्हणतात, पण मला ते खेळण्यांचे फोटो वाटतात.

तुला वाटतं तेच खरं, वर्गाचं ऐकू नकोस. मूस साहेब (1912 ते 1989) कित्येक दशकं त्या एकाच घरात राहिले आणि टेबलावरच डोंगर, वाटा, हवामान उभं करत गेले. ते घर तुझ्याच गावात आहे. एकदा गेला असशील तर पुन्हा जा आणि या वेळी फक्त सावल्या बघ.

तुझ्या तिसऱ्या फोटोत रस्ता म्हणून माती टाकलीस, तिचे खडे बाहुलीच्या डोक्याएवढे आहेत. तिथेच सोंग उघडं पडतं. माती मैद्याच्या चाळणीतून चाळ. मोबाईल बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीला आण, वरून टिपलं की टेबल दिसतं. दिवा एकच ठेव, बाजूनं आणि खालच्या पातळीवर, त्यावर बटर पेपर. ट्यूबलाइट बंद. सातवा झाला की कुणाला काही न सांगता दाखव आणि पहिला शब्द काय निघतो तो लिहून ठेव. "बाहुली" निघाला तर परत चाळणी.

अमळनेरहून. जुन्या वाड्यांची दारं काढत होतो, 26 पानं झाली होती. परवाच्या अवकाळीत वही ओट्यावर राहिली. जेल पेनची शाई सगळी पसरली. आता गटात काय दाखवू?

वाईट वाटलं रे. माझ्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वर्षी आईनं गच्चीवर साडी पसरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले आणि वाऱ्यानं साडी उडू नये म्हणून माझा बोर्ड, चित्रासकट, पालथा कोपऱ्यावर ठेवला. त्या चित्रातल्या नदीत अजून एक बिबडा चिकटलेला आहे.

भुसावळात रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे, 1879 सालची. 1844 पासून त्यानं अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या, आणि 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातल्या बहुतेक जळाल्या. तुझी दारं निदान जागच्या जागी उभी आहेत.

भिजलेली वहीच दाखव. ज्या दारांची नक्षी पान न बघता सांगता येईल ती तुला आली, बाकीच्यांसमोर पुन्हा जाऊन बस. आणि जेल पेन नको, साधं बॉलपेन घे. त्याची शाई पाण्यानं पसरत नाही.