शस्त्रक्रियेच्या रुग्णांना मार्गदर्शन: कधी, कोणाला आणि कसे

आपण उपजिल्हा रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डमध्ये काम करता आणि आपली अडचण अशी की, माहितीपत्रके वाटली, भिंतीवर तक्ते लावले, तरी रुग्ण शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी चहा घेतात, नंतर दोन-दोन दिवस अंथरुणातून उठत नाहीत आणि टाके काढायला येतात तेव्हा काहींची जखम चिघळलेली असते. एका पाळीत दोनच परिचारिका असताना आणखी काय करता येईल, असे आपण विचारले आहे. मी सर्जिकल वॉर्ड आणि पुढे ओटी (शस्त्रक्रियागृह) अशा दोन्ही ठिकाणी बरीच वर्षे काम केले आहे. माझ्या मते आपल्याकडे माहिती कमी पडत नाही. ती अवेळी आणि भलत्याच माणसाला दिली जाते, आणि ऐकणाऱ्याला काय समजले हे कोणी विचारत नाही.

उपाशी राहण्याची सूचनाच घ्या. ‘रात्री बारानंतर काही खायचे-प्यायचे नाही’ हे एकच वाक्य आपण सगळ्यांना सांगतो. सकाळी आठच्या हर्नियाच्या रुग्णाला ते ठीक आहे. पण ज्या आजोबांचा नंबर दुपारी दोनला लागतो ते तोवर कोरडे पडलेले असतात, आणि चहा हे काही खाणे नव्हे असे मानणारा रुग्ण पहाटे निर्धास्तपणे कपभर पिऊन घेतो. नियोजित शस्त्रक्रियेच्या प्रौढ रुग्णासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की तेलकट, जड जेवणानंतर ८ तास, हलका आहार किंवा दुधाच्या चहानंतर ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास जाऊ द्यावेत. म्हणून आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञांकडून यादीचा क्रम घ्यावा आणि प्रत्येकाच्या केसपेपरवर व हातातील चिठ्ठीवर घड्याळातील वेळ लिहावी: जेवण इतक्या वाजेपर्यंत, चहा इतक्या वाजेपर्यंत, पाणी इतक्या वाजेपर्यंत. मधुमेह, गरोदरपण किंवा आतड्याला अडथळा असलेल्या रुग्णांबाबत वेळा भूलतज्ज्ञांनीच ठरवायच्या. ही चिठ्ठी वॉर्डातील मावशी आणि मामांनाही दाखवावी, कारण पहाटे ‘थोडा चहा चालेल का’ हा प्रश्न रुग्ण त्यांना विचारतो, आपल्याला नाही.

त्याच संध्याकाळी आणखी काही गोष्टी उरकाव्यात. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला पुष्कळ बायका मनापासून नाही म्हणतात. ‘मिश्री लावता का’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. गोळ्यांची नावे विचारत बसण्यापेक्षा घरची गोळ्यांची पिशवी मागवून घ्यावी. त्यात रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी दिसली तर लगेच डॉक्टरांच्या नजरेस आणावी, आपल्या मनाने ती बंद किंवा चालू करू नये. मंगळसूत्र आणि जोडवी नातेवाइकांच्या हाती सही घेऊन द्यावीत, मात्र त्यामागचे कारण समजावून सांगावे, कारण गळा मोकळा करणे ही अनेकींसाठी साधी गोष्ट नसते. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची प्रथा आपल्याकडे अजून असेल, तर ती सर्जनशी बोलून थांबवावी. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात आणि जंतूंना वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वस्तरा वापरू नये, गरजच असेल तर क्लिपर (केस कापण्याचे यंत्र) वापरावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

रुग्ण उठत नाही याचे कारण बहुतेक वेळा आळस नसून वेदना असते. आपण राउंडला विचारतो तेव्हा तो निपचित पडलेला असतो आणि ‘बरे आहे’ म्हणतो. जुनी माणसे तर ‘सोसवतंय’ एवढेच सांगतात. वेदना नेहमी खोकताना आणि कुशीवर वळताना विचारावी. शून्य ते दहा हे आकडे ज्यांना जमत नाहीत त्यांना नाही, थोडी, बरीच, असह्य असे पर्याय द्यावेत. वेदनाशामक गोळी दिली असेल तर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने त्यांना उठवावे: आधी बसवावे, मग पाय खाली सोडायला लावावेत, चक्कर नाही याची खात्री करूनच उभे करावे. कमरेतून भूल दिली असेल तर पायात पूर्ण ताकद आल्याशिवाय हे करू नये. दीर्घ श्वास घेणे आणि घडी केलेली चादर जखमेवर दाबून धरून खोकणे हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच करून घ्यावे. पोटावर ताजे टाके असताना नवी गोष्ट शिकण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसतो.

एक गोष्ट विषयाला जोडूनच सांगते. बऱ्याच टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीच्या) चार्टवर सगळ्यांचे श्वास २० लिहिलेले असतात. रुग्ण बिघडू लागला की श्वासाचा वेग अनेकदा सर्वांत आधी वाढतो, म्हणून तो प्रत्यक्ष मोजावा, आणि ‘ओव्हर’ देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, नुसते ‘ठीक आहे’ न म्हणता श्वास, नाडी, लघवीचे प्रमाण आणि ड्रेनमधून (जखमेतील स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणाऱ्या स्रावाचा रंग सांगावा.

डिस्चार्जच्या वेळी तर आपण मार्गदर्शनाचा फार्स करतो. गाडी बाहेर उभी असते, मुलगा सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्रांकडे (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसांकडे) धावत असतो आणि त्याच गडबडीत आपण त्याला ड्रेसिंग, पथ्य आणि औषधे सांगतो. घरी गेल्यावर स्वयंपाक आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा सून किंवा बायको असते. तिला भेटीच्या वेळेत बोलवावे, ते शक्य नसेल तर फोनवर घ्यावे, आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सांगावे. सांगून झाल्यावर ‘समजले का’ असे विचारू नये, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. ‘घरी ताप आला तर तुम्ही काय कराल?’ असे विचारावे आणि उत्तर अडखळले तर तेवढाच भाग पुन्हा सांगावा. ताप १०० च्या वर जाणे, जखमेतून पू किंवा वास येणे, टाका उसवणे, एका पोटरीला सूज, धाप लागणे, सतत उलट्या: यांपैकी काहीही झाले तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता यायचे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

आहाराबाबत आधी त्यांना काय वर्ज्य वाटते ते विचारावे. भाताने जखमेत पू होतो, ही समजूत घरोघरी आहे. तिच्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. भात नको तर भाकरी खावी, पण डाळ, उसळ, दूध आणि चालत असल्यास अंडी सोडू नयेत, एवढे पटवले तरी पुरे. हळद किंवा राख जखमेवर लावू नये, हे मात्र ठामपणे सांगावे.

आपल्या मनुष्यबळात हे सगळे एकदम होणार नाही. सुरुवात उपाशी राहण्याच्या चिठ्ठीपासून करावी, कारण शस्त्रक्रिया रद्द झाली की सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचाही खोळंबा होतो आणि त्यांचे सहकार्य सहज मिळते. खाल्ल्यामुळे रद्द झालेल्या शस्त्रक्रियांची नोंद ओटीच्या सिस्टरकडे ठेवावी, वॉर्डकडे नको. स्वतःच्या वॉर्डची चूक स्वतःच्या रजिस्टरमध्ये कोणी लिहीत नाही. टाके काढण्याच्या दिवशी चिघळलेल्या जखमा मात्र ड्रेसिंग रूममध्ये मोजाव्यात, आणि वाढीव परिचारिकांची मागणी वर पाठवताना दोन्ही नोंदी महिन्यावार जोडाव्यात.