‘तिथं नुसते म्हातारे बसतात’ म्हणणाऱ्या वडिलांसाठी

तुम्ही लिहिलंय की आई गेल्यावर वडिलांना साताऱ्याकडून नेरुळला आणलं. वय ७३, साखर कारखान्यात फिटर होते. दिवसभर बाल्कनीत बसून असतात. जवळच्या विरंगुळा केंद्रात दोन दिवस सोडलं, तर ‘तिथं नुसते म्हातारे बसतात’ म्हणून तिसऱ्या दिवशी चपलाच घातल्या नाहीत. ते तिथं रमावेत म्हणून काय करावं आणि अशा केंद्राचा खरंच काही आधार होतो का, हे विचारलंत.

हे वाक्य मी आजवर पन्नासदा तरी ऐकलं असेल. पहिल्यांदा म्हटलं ते मीच, फेब्रुवारी २०२० मध्ये. एमटीएनएल या टेलिफोन कंपनीतून व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन पंधरा दिवस झाले होते, साठीला दोन महिने कमी होते, तरी मैत्रिणीने इथल्या विरंगुळा केंद्रात ओढून नेलं. कॅरमच्या बोर्डावर पावडर उडत होती, एक आजोबा पेपर उघडा ठेवून घोरत होते. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला एवढ्यात म्हातारी करू नका. आता चार वर्षं तिथल्याच ज्येष्ठ नागरिक संघाची चिटणीस आहे.

आधी एक विचारते. सोडलं म्हणजे दारात गाडीतून उतरवलं का? तसं केलं असेल तर चूक तुमची आहे, रागावू नका. केंद्राची जागा महापालिकेची असते, पण रोजचा कारभार बहुतेक ठिकाणी तिथला ज्येष्ठ नागरिक संघ बघतो. म्हणजे तिथं कुणी नोकर नसतो, जो उठून ‘या बसा’ म्हणेल. वर खुर्च्यांचं राजकारण असतं. पंख्याखालच्या चार खुर्च्यांवर कुणाचं नाव नसतं, पण त्या कुणाच्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. नवा माणूस नेमका तिथंच टेकतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘ती काकांची जागा आहे हं.’ गावाकडे ज्यांना पारावर सरकून जागा देत होते, त्यांना हे एवढंच पुरतं घरी परतायला. म्हणून आधी तुम्ही एकटे जा, चिटणीसांना भेटा, वडील काय करायचे ते सांगा. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर अर्धा तास बसा.

वेळापत्रक बघून केंद्र निवडू नका. सकाळी बागेत योगासनं आणि हास्यक्लब, मग पेपर, संध्याकाळी कॅरम नि रमी, एकादशीला भजन, महिन्याचे वाढदिवस एकत्र. सगळीकडे साधारण हेच असतं. हास्यक्लब तर १९९५ साली मुंबईतच सुरू झाला, तरी माझ्या अनुभवात गावाकडून आलेले पुरुष त्यात महिनाभर तरी ओठ घट्ट मिटून उभे राहतात. त्यांना हसायला सांगू नका. काम द्या.

आमच्याकडे एक गृहस्थ होते, बेस्टमध्ये कंडक्टर. तीन महिने कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून बसायचे. सहलीचे पैसे गोळा करायला माणूस मिळेना, म्हणून मी त्यांच्या हातात पावतीपुस्तक ठेवलं. त्यांनी नोटा लांबट दुमडल्या, बोटांच्या बेचक्यांत रकमेप्रमाणे लावल्या, दहाच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, आणि खुर्च्यांच्या ओळीतून ‘चला, पुढं सरका’ करत निघाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला आम्ही. नंतर रोज सव्वाचारला हजर, आणि सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडायलाही लागले.

आता तुम्ही विचारलेल्या आधाराबद्दल. भाषणात म्हणतात तसला आधार मला फारसा कळत नाही. मला फोनची साखळी कळते. मार्च २०२० मध्ये केंद्राला कुलूप लागलं तेव्हा एकट्या राहणाऱ्यांची मी यादी केली. एमटीएनएलमध्ये वर्षानुवर्षं १९७ या चौकशीच्या नंबरवर लोकांना हवे ते फोन नंबर सांगायचं काम केलंय, तेवढंच येत होतं. सकाळी साडेआठला पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने मला. कुणी उचलला नाही तर त्याला ओलांडून पुढचा लावायचा आणि मला कळवायचं. साखळी अजून चालू आहे, अकरा जण आहेत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आठव्या नंबरच्या बाईंनी फोन उचलला नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली होती, पण दाराला आतून कडी. सुतार येऊन दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. त्या आदल्या रात्रीपासून न्हाणीघरात पडून होत्या, खुबा मोडला होता. वाचल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे: लॅच लावा, कडी लावू नका, किल्ली दोघांकडे द्या. तुमच्याकडे दुपारी वडील एकटे असतील तर हे आजच करा.

कागदपत्रांची मदतही चांगल्या संघात होते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे टेबल लागतं. बोटांचे ठसे झिजलेल्यांचा चेहरा मोबाइलवर दाखवून काम होतं. सत्तरी पार असल्याने वडिलांचं आयुष्मान वय वंदना हे सरकारी उपचार योजनेचं कार्ड निघेल, त्यात उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. एसटीत त्यांना आत्ता अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर मोफत. तेव्हा गावाला जातो म्हणाले तर जाऊ द्या. पोलिस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर पैसे उकळणाऱ्यांबद्दल मात्र घरीच बजावून ठेवा. असं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. इतर अडचणींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

केंद्रात सगळं गोड असतं असंही नाही. कार्यकारिणीच्या निवडणुकीत दोन मित्र वर्षभर बोलले नाहीत. भजनाचा पेटीवाला आणि कॅरमवाले यांचं कायमचं वाकडं. वर्धापनदिनाला पाहुणे पाऊण तास बोलतात आणि बटाटेवडे गार होतात. आणि तो फळा! वरच्या अर्ध्यात वाढदिवस, खालच्या अर्ध्यात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, तोच खडू, तेच अक्षर. तुमचे वडील नुकतेच त्यातून गेलेत, त्यांना तो फळा टोचला असेल. आमचा खालचा अर्धा मी आत कपाटाच्या दारावर हलवला. काहींना आवडलं नाही.

ते कपाटही दोन वर्षं लागत नाही. बिजागरी खाली आलीय, दार वर उचलून ढकलावं लागतं. तीन जणांनी बघितलं, तिघांनी तीन निदानं केली. आमचं केंद्र नेरुळमध्येच आहे, तुम्ही मला खासगी निरोप टाकलात तर पत्ता देते. वडिलांना करमणुकीचं काही बोलू नका. तिथल्या बाईंनी पाना नि पेचकस घेऊन यायला सांगितलंय, एवढंच सांगा. सोमवारी चारला चालेल. पंख्याखालची एक खुर्ची मी तेवढा वेळ धरून ठेवते.