पांढरी (ऊर्जा साठवणारी) आणि तपकिरी (ऊर्जा जाळून उष्णता देणारी) चरबीपेशी घडताना नेमके कोणते जीन काम करतात?

दोन्हींना पीपीएआर-गॅमा हा जीन लागतोच. तो नसेल तर कुठल्याच रंगाची चरबीपेशी तयार होत नाही. त्यामुळे तपकिरी की पांढरी, हे ठरवतात त्याचे साथीदार.

तपकिरीसाठी मुख्य साथीदार पीआरडीएम१६. खांद्यांमधल्या तपकिरी चरबीच्या बऱ्याच पेशी स्नायूंच्याच पूर्वज पेशींपासून येतात. २००८ साली उंदरांच्या तपकिरी पूर्वपेशींमध्ये हा जीन दाबला, तेव्हा त्या चक्क स्नायूपेशी होऊ लागल्या! पण जिवंत उंदरात तो काढला तरी सुरुवातीला तपकिरी चरबी तयार होते, कारण पीआरडीएम३ त्याची उणीव भरून काढतो. म्हणून एकाच जीनला ‘स्विच’ म्हणणं मला घाईचं वाटतं.

पुढे तपकिरी पेशीत पीजीसी-१ अल्फा हा जीन मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) वाढवतो आणि यूसीपी१ हे प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) बनवण्याऐवजी ऊर्जा उष्णता म्हणून सोडतं. पांढऱ्या पेशीत टीएलई३ हा घटक पीआरडीएम१६ला बाजूला सारतो. तिथे साठवणूक चालते.

थंडीत नॉरअ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकामुळे पांढऱ्या चरबीतही यूसीपी१ असलेल्या ‘बेज’ पेशी दिसू लागतात. माणसात इथेच लठ्ठपणाशी जोडलेल्या एफटीओ जीनमधला डीएनएच्या एका अक्षराचा बदल (टी ऐवजी सी) नडतो: एआरआयडी५बी हा दाबणारा घटक तिथे बसू शकत नाही, आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जीनचं काम वाढतं, आणि पूर्वपेशी उष्णतेऐवजी साठवणुकीकडे झुकतात.

फक्त पीपीएआर-गॅमा चेतवून वजन घटत नाही. पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचं औषध हेच करतं, आणि त्यावर वजन बहुधा वाढतं.