निवृत्तीनंतरचा सोमवार

पुढच्या वर्षी निवृत्त होताना पैशांचा हिशेब तुम्ही नीट मांडालच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला मिळते, एवढे लक्षात असू द्या. मला अधिक काळजी वाटते ती सोमवारच्या सकाळची. पोदेराकडून, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडून, पाव घेऊन, चहा आणि वर्तमानपत्र आटोपले तरी जेमतेम नऊ वाजलेले असतात, म्हणून त्या दिवसाचे चित्र तासागणिक कागदावर उतरवून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वाचन, देवळातील भजन, कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) मिरीचे वेल, यांपैकी एकाला तरी रजेच्या दिवसांत आताच सुरुवात करा. आणि स्वयंपाकघरातील कोणती कामे यापुढे तुमची, हे घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.