फाटकाशी उभे असलेले बाप

प्रिय बेटा,

फोनवर रेंज धड नव्हती म्हणून लिहितोय. तू शाळेच्या मैदानावर कराटे शिकवतेस, पोरांना सोडायला आलेले बाप फाटकाशी उभे राहून बघतात, आणि आता त्यातलेच काही म्हणतात, "मॅडम, आमाले बी शिकवा ना जी." घेऊ का, असं तू विचारलंस. बिनधास्त घे. मात्र त्यांना पोरांच्या रांगेच्या शेवटी उभं करून पोरांचाच व्यायाम देऊ नकोस.

पंचेचाळिशीचा माणूस म्हटलं की वाटतं, याच्यात काय दम असणार. आपल्याकडचा शेतकरी तसा नसतो. भरलेला फवारणी पंप पाठीवर घेऊन तो दिवसभर चिखलातून चालतो. उकिडवा बसला तर टाचा जमिनीला टेकलेल्या. तुझ्या मेडल आणणाऱ्या पोरांना तसं बसायला लावून बघ एकदा, अर्धी मागे कलंडतील. आखडलेले असतात ते खांदे आणि मांडीचा मागचा भाग. गोची इथंच आहे. अंगात जोर असतो, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी पोरासमोर लाथ उंच मारायला जातो. स्नायूला ते झेपतं, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरेला झेपत नाही. तिला रक्तपुरवठा कमी, ती सावकाश तयार होते आणि दुखावली की महिनोन्‌महिने बरी होत नाही. टाचेमागची मोठी कंडरा तुटते ती बहुतेक तिशी-चाळिशीतल्या, अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांचीच. मृगाच्या तोंडावर असा कोणी खाटेवर पडला तर त्याची पेरणी कोण करणार? म्हणून पहिले दोन-तीन महिने तुझं मुख्य काम त्यांना आवरण्याचं. लाथ कमरेच्या वर नको, उड्या नकोत.

तेवढ्या काळात त्यांना पडायला शिकव. कराटेच्या वर्गात आपण हे टाळतो. ज्युदोवाले सुरुवात त्यानेच करतात आणि तेच बरोबर आहे. मागे पडताना माणूस आपसूक हात टेकतो आणि मनगट मोडून घेतो. आधी उताणं झोपव. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, श्वास सोडत दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम जमिनीवर आपटायचे. डोकं खाली लागता कामा नये. हे अंगवळणी पडलं की बसून मागे, मग उकिडवं बसून, आणि बऱ्याच दिवसांनी उभ्याने. गाद्या नसतील तर पोत्यांत गव्हाचं कुटार भर, पोती एकमेकांना चिकटवून मांड आणि वर ताडपत्री ताणून बांध. सोयाबीनचं कुटार नको, खाजेनेच वर्ग मोडेल. जुना आखाडा असला आणि त्याची माती अजून कोणी खणत असलं तर मग बघायलाच नको. बांधावरून, मोटारसायकलवरून, ओल्या न्हाणीत माणसं पडतातच. मारामारीचा प्रसंग त्यांच्यावर कदाचित कधीच येणार नाही.

गोल लाथ शिकवशील तेव्हा वर गेलेल्या पायाकडे बघूच नकोस, खालच्याकडे बघ. या वयात कंबर फिरते, टेकलेला पंजा मात्र मातीत रुतून राहतो आणि मधे गुडघा पिळला जातो. टाच उचलून पंजा फिरवायची सवय भिंतीला धरून, लाथ न मारता लाव.

घेण्याआधी आरोग्य केंद्रातून बीपी-शुगर तपासून आणायला सांग. शुगरवाल्याच्या तळपायाला बधिरपणा असू शकतो. बाभळीचा काटा रुतलेला त्याला कळतही नाही, म्हणून वर्ग सुटताना त्याने तळवे बघायचेच. बीपीवाल्याने जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. खर्रा तोंडात असेल तर आधी चूळ भरून यायला लाव, तो सरपंच असला तरी. आणि छातीवर दाब, हात भरून येणं, थंड घाम, यातलं काही झालं तर "ग्यास झाला असन" म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, तडक दवाखाना.

तुला खरी अडचण येईल ती वयाची. तू बाविशीची, समोर वडिलांच्या वयाचे. त्यांना काकाच म्हण, पण चूक काका म्हणून सोडू नकोस. पोरांसमोर बापाची चूक काढू नये एवढं पथ्य पाळ. पोरांची वेळ संपल्यावर त्यांची सुरू कर, म्हणजे प्रश्नच मिटला. पट्ट्याची परीक्षाही त्यांनी मागितली तरच.

कोणीतरी म्हणेल, हे जपानी खूळ कशाला, आपली कुस्ती-लाठी काय वाईट? त्याच्याशी वाद घालू नकोस. मी शिकलो ती अमरावतीची हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था 1914 ची, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या चमूने तिकडे जाऊन कबड्डी दाखवली होती. आपला खेळ तिकडे गेला, त्यांचा इकडे आला. दुसरा कोणी ओकिनावा बेटावरचे कराटेगुरू फुनाकोशी यांचा दाखला देईल, की 1922 मध्ये त्यांनी टोकियोत कराटे नेलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. खरं आहे, पण ते लहानपणापासून शिकत आले होते. चाळिशीत पहिला ठोसा मारणाऱ्याला ते उदाहरण लावलं की तो निराश होतो.

वेळेचं म्हणशील तर उन्हाळ्यात पहाटे पाच, सातच्या पुढे नाही. सोयाबीनच्या सोंगणीला वर्ग रिकामा होईल, मग कापूस वेचायला लागतील. नाव कापू नकोस. परत आले की पुन्हा उताणं पडण्यापासून सुरू.

बाया स्वतःहून विचारणार नाहीत, तूच विचार. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, तेव्हा पडायला शिकण्याची गरज त्यांना पुरुषांपेक्षा जास्त. पण पहाटे त्यांच्या मागे पाणी आणि चूल असते, आणि मैदानावर चारचौघांसमोर त्या पडणार नाहीत. दुपारी शाळेची एखादी खोली मिळते का, ते मुख्याध्यापकांना या आठवड्यातच विचार.

तुझे सर