“ताई, सरकारचे पैसे आम्हाला नकोत”

जानेवारी लागला की न्यू जर्सीत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मराठी घरांतून हे वाक्य हमखास ऐकू येतं. इथले सगळेच मराठी आयटीत नाहीत. गोदामात, मोटेलच्या रिसेप्शनवर, डे-केअरमध्ये तासावर राबणारी घरंही आहेत. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या फोटोंत ती कमी दिसतात, एवढंच.

हे पैसे म्हणजे अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट. कमाई कमी असलेल्या कष्टकऱ्यांना टॅक्समध्ये सूट मिळते आणि सूट टॅक्सपेक्षा जास्त निघाली, तर उरलेली रक्कम हातात येते. फेडरल सरकारची ही सोय १९७५ पासून आहे. न्यू जर्सी राज्य त्यावर आपले ४० टक्के घालतं.

ज्या जोडप्याबद्दल लिहितेय (ओळख पटेल असं सारं बदललंय), ते माझ्याकडे आलं भांडणांसाठी. बहिणीने केलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळालेलं, दोन मुलं, नवरा रात्रपाळीला गोदामात, बायको डे-केअरमध्ये. २०२४ ची दोघांची मिळून कमाई ३८ हजार डॉलर. तिने लायब्ररीतून माहितीपत्रक आणलं होतं. त्या हिशोबाने फेडरलचे सुमारे ५,२०० आणि राज्याचे २,०८० डॉलर मिळणार होते. त्याने ते पत्रक न वाचताच बाजूला सारलं होतं.

“उद्या सिटिझनशिपला अडकवलं तर?” तो म्हणाला. “टेक्सासचा मावसभाऊ सांगतो, असलं काही नसतंच.”

टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे राज्याचं क्रेडिटही नाही; मावसभाऊ तेवढ्यापुरता बरोबर होता. फेडरल क्रेडिट मात्र त्यालाही लागू आहे. सिटिझनशिपच्या अर्जात या क्रेडिटचा काही अडसर नाही. ग्रीन कार्डच्या वेळी ‘सरकारवर भार’ ठरवणारा नियम २०१९ मध्ये फार कडक झाला होता, तेव्हाही हे क्रेडिट त्यात धरलं नव्हतं. हे सगळं मी शांतपणे सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “तरी नको.”

शंका फिटली तरी नकार हलत नाही, तेव्हा मी माहिती देणं थांबवते. मी विवेकनिष्ठ विचारसरणीत घडलेली; भावनेमागचा हट्टी विचार तपासणारी ही समुपदेशनाची पद्धत. नकाराखाली कुठला ‘च’, म्हणजे ‘असंच असायला हवं’ हा हट्ट, दडलाय ते शोधायची मला खोडच आहे. पुढच्या भेटीत तो सापडला. “आमच्या वडिलांनी गावात कुणापुढे हात पसरला नाही. मी इथे येऊन पसरू?”

“हा तुमचा हक्क आहे” असं इथे म्हणता आलं असतं. पण लाजेपुढे हक्काचं भाषण चालत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मी त्याच्याच फोनवर कॅल्क्युलेटर उघडायला सांगितलं.

“दोन मुलांच्या घराला आधी कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट. वर्षभर कमाई शून्य असेल तर?”

“शून्य.”

“दहा हजार असेल तर?”

“चार हजार.” तो स्वतःच पुढे गेला. “सतरा हजार चारशेला... सहा हजार नऊशे साठ. मग?”

“तिथे थांबतं. कमाई आणखी वाढली की हळूहळू उतरत जातं. तुम्ही त्या उतारावर आहात.”

त्याने पुन्हा शून्य टाकून पाहिलं. “म्हणजे घरी बसणाऱ्याला यातलं काहीच नाही?”

“एक सेंटही नाही.”

तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत होता. मग बायकोकडे वळून म्हणाला, “मग हे माझ्या रात्रपाळीचेच आहेत की.” तिने डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. पर्समधून दोघांचे डब्ल्यू-२, म्हणजे मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे फॉर्म, काढून टेबलावर ठेवले. बहुधा महिनाभर ती ते घेऊन फिरत होती.

वाक्य त्याचं होतं, म्हणून टिकलं. मी तेच दहादा बोलले असते तर दहादा परतलं असतं.

आता ज्यांच्या घरी हाच वाद चालू आहे त्यांच्यासाठी. कमाई इतकी कमी असेल की राज्याचं रिटर्न भरायची सक्ती नाही, तरी भरा. न भरता राज्याचे ४० टक्के मिळत नाहीत. नवरा-बायको दोघांकडे आणि ज्या मुलांच्या नावाने मागताय त्यांच्याकडे नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. आयटिनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांना फक्त टॅक्ससाठी मिळणारा नंबर) फेडरल किंवा न्यू जर्सीचं क्रेडिट मिळत नाही. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय मात्र आपापल्या राज्याचं क्रेडिट आयटिनवरही देतात. मूल निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्याबरोबर अमेरिकेत राहिलेलं हवं. पुण्यात आजीकडे शिकणारा मुलगा, तुम्ही त्याला दरमहा कितीही पाठवत असलात तरी, यात धरता येत नाही. खोटं मूल किंवा खोटी कमाई दाखवली तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. मागच्या वर्षी राहून गेलं असेल तर साधारण तीन वर्षांपर्यंत मागता येतं. या जोडप्याने तसं केलं.

पैसे लगेच येत नाहीत. या क्रेडिटचा फेडरल रिफंड फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखूनच ठेवतात, तेव्हा २० जानेवारीला भांडू नका. रिटर्न भरायला मी कधीच बसत नाही, ते माझं काम नाही. व्हिटा या मोफत टॅक्स-मदत योजनेचे स्वयंसेवक लायब्ररीत, कॉलेजात फुकट भरून देतात. आणि कुणी फीऐवजी रिफंडातला वाटा मागितला, तर कागद उचलून सरळ बाहेर पडा.