वाचक विचारतात : शंभरची लाइन, तरी फोटो का रांगतात?

प्रश्न : कर्वे रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. अमेरिकेतल्या सर्व्हरवर एका लग्नाचे ६,००० जेपेग, म्हणजे सुमारे ४० जीबी, पाठवायचे असतात. अपलोड १०० एमबीपीएस, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ) २५० मिलिसेकंद. एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने साडेपाच तास लागतात, एसएफटीपी या एन्क्रिप्शनवाल्या पद्धतीने तीन. सर्वांत वेगवान प्रोटोकॉल कोणता?

उत्तर : आधी तळाचा आकडा पाहा. ४० जीबी म्हणजे ३,२०,००० मेगाबिट. शंभरच्या लाइनवर ५३ मिनिटे, पॅकेटांच्या हेडरचे पाचेक टक्के धरून ५६-५७. याच्या वरचा सगळा वेळ हेलपाट्यांत, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो.

एफटीपी प्रत्येक फाइलसाठी वेगळे डेटा कनेक्शन उघडते. पोर्ट (जोडणीचा क्रमांक) विचारा, जोडा, ‘स्टोअर’ (फाइल ठेवून घे) सांगा, शेवटी पोच घ्या : चार हेलपाटे, एक सेकंद. शिवाय नवे टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोचवण्याची मूळ पद्धत) कनेक्शन दबकतच सुरू होते आणि वेग दुप्पट-दुप्पट करत नेते. तो जेमतेम पूर्ण होतो तोवर तुमचा ६.७ एमबीचा फोटो संपलेला असतो. त्यात सव्वादोन सेकंद. सव्वातीन गुणिले सहा हजार, झाले साडेपाच तास!

एसएफटीपी एकच कनेक्शन टिकवते, म्हणून दबकणे वाचते. फाइल उघडण्या-मिटण्याचे हेलपाटे मात्र राहतात. दुसरी अडचण कमी लोकांना ठाऊक असते. एसएफटीपी सहसा ज्यावर चालते त्या ओपन-एसएसएच या प्रोग्राममध्ये पोच न आलेला डेटा साधारण २ एमबीच वाटेत राहू शकतो. पाव सेकंदाला २ एमबी, म्हणजे ६४-६७ एमबीपीएस. तुमची लाइन भरायला ३ एमबीहून थोडे जास्त लागते. एन्क्रिप्शनला उगाच दोष देतात. आजच्या प्रोसेसरला ते जड नाही.

तेव्हा एसएफटीपीच ठेवा, पण फोटो १० जीबीच्या चार टार फाइलींत (अनेक फाइलींचे एक गाठोडे) बांधा आणि दोन-दोन एकदम सोडा. झिप करायचेच तर ‘स्टोअर’ (न दाबता नुसते बांधण्याच्या) पद्धतीने; जेपेग आणखी दाबला जात नाही, वेळ तेवढा जातो. डिस्कवर ४० जीबी मोकळी हवी आणि पलीकडे टार सोडवण्याची सोय हवी. ती नसेल तर फाइलझिला या फाइल पाठवण्याच्या प्रोग्राममध्ये एकाचवेळच्या फाइलींची संख्या २ वरून ८ करा. पोचल्यावर दोन्हीकडचे शा-२५६ (फाइलीवरून काढलेला तपासणी-आकडा) ताडून घ्या.

सर्व्हरवर आरसिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्राम असेल तर बांधाबांधीही नको, ते फाइलीमागून फाइल न थांबता ओतते. ‘पार्शल’ पर्याय लावला की लाइन तुटल्यावर अर्धी फाइल वाया जात नाही. एसएसएच या एन्क्रिप्टेड जोडणीवरून चालवल्यास २ एमबीची मर्यादा त्यालाही आहे, म्हणून फोल्डर दोन भागांत पाठवा.

प्रश्न : ई-मेलची मर्यादा २५ एमबी, तरी २० एमबीची पीडीएफ परत का येते? (नारायण पेठ)

उत्तर : जोडलेली फाइल बेस-६४मध्ये (फक्त साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) जाते, तीन बाइटांचे चार होतात, वर ओळी तोडण्याची भर. २० चे २७ एमबी झाले. १८ पर्यंत ठेवा.